आईच्या भिंतीत खिळा

आमच्या भिंतीत खिळा दोन ठोक्यांत जातो. फेसाचं काँक्रीट आहे ते. सिमेंटच्या पातळ गाऱ्यात दाट फेस कालवायचा आणि तो बसायच्या आत सगळं साच्यात ओतायचं. वाळल्यावर भिंतीच्या पोटात हवेचे बुडबुडे राहतात आणि बाहेरची थंडी तिथेच अडते. हे मिश्रण मी जमवलं. त्यापायी केस पिकवले आणि घरातली पातेली वाया घालवली, निम्मी आईची. ओतकाम माझा धाकटा भाऊ बघतो. गोड बोलण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माझं तोंड फटकळ, म्हणून माणसं त्यानं सांभाळायची आणि फेस मी.

आमची एक रीत आहे. ज्या घराच्या भिंती ओतायच्या, त्याच गाऱ्यातून एक ठोकळा वेगळा ओतून ठेवायचा आणि घरमालकासमोर बादलीत सोडायचा. काँक्रीट पाण्यावर तरंगताना पाहिलं की शंकेखोरातला शंकेखोरही गप्प बसतो.

आईचं घर बांधायला घेतलं तेव्हा तिचे गुडघे थंडीनं पार धरले होते. तरी जुन्या घरातली शेगडी सोडायला ती तयार नव्हती. मीच हात धुऊन मागे लागले. "या घरात शेगडी लागणारच नाही आई, माझा शब्द आहे." "तू म्हणतेस तर," असं म्हणून तिनं शेगडी देऊन टाकली. मी एवढी खात्रीत होते, की नव्या घराला धुराडंच ठेवलं नाही.

भिंती ओतल्या त्या आठवड्यात मी तापानं अंथरुणाला खिळले होते. धाकटा बादली घेऊन माझ्या उशाशी आला. "बघ, आईचा ठोकळा." तरंगत होता. मला तापातही बरं वाटलं.

आई तो ठोकळा दाराजवळच्या फळीवर ठेवते. आल्यागेल्याला पाण्यात सोडून दाखवते आणि सांगते, माझ्या मुलीनं केलंय. थंडी सुरू झाल्यावर मी कळवून जायची, तेव्हा खोली छान उबदार असायची आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

त्या दिवशी मी न कळवता गेले. शाली टांगायला भिंतीवर खुंट्या हव्यात असं तिचं कधीपासून चाललं होतं. दार उघडायला तिला जरा वेळ लागला.

"या घरात इतक्या शाली कशाला लागतात गं तुला?" मी चिडवलं.

"वय झालं," ती म्हणाली.

मी खिळा धरला आणि ठोकला. तो वाकला. खांबावर आला असेल म्हणून वीतभर सरकून दुसरा ठोकला. तोही वाकला. मग भिंतीला तळवा लावला, तर गार आणि ओलसर. कपाट पुढे ओढलं. मागचा गिलावा बुरशीनं काळा पडला होता.

"राहू दे आता, दमली असशील," आई म्हणाली. मी ऐकते कसली. मोठा खिळा काढायला पलंगाखाली वाकले. तिथे खिळ्यांच्या डब्यामागे शालीत गुंडाळलेला विजेचा हीटर होता. अजून गरम होता.

मी धाकट्याला बोलावून घेतलं. तो हसत आत आला. माझ्या हातातला हातोडा आणि जमिनीवरचे वाकडे खिळे बघून त्याचं हसू मावळलं.

"फेसाचं यंत्र मोठ्या इमारतीवर अडकलं होतं ताई. तिथून हलवलं असतं तर ते काम हातचं गेलं असतं. इथे साचे उभे, माणसं खोळंबलेली. साधं काँक्रीट ओतून मोकळा झालो."

"आणि ठोकळा?"

"तो तिकडचा."

"म्हणजे परक्यांना खरी भिंत, आणि आईला ही?"

"परके तपासून घेतात गं," तो म्हणाला. "आई थोडीच तक्रार करणार होती."

त्यात उर्मटपणा नव्हता. हिशेब सरळ होता आणि त्यानं तो सरळ सांगितला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हातात हातोडा होता म्हणून दिली नाही.

"हा हीटर कुठून आला?"

त्यानं आईकडे पाहिलं. "मीच आणून दिला. पहिली थंडी पडली तेव्हाच. आईला सगळं सांगितलं होतं मी."

मी आईकडे वळले. ती शालीची घडी घालत होती. घडी झाली तरी पुन्हा मोडून घालत होती.

"तुला माहीत होतं?"

"पाय धरले त्यानं माझे. तुला कळलं तर तू त्याला कामावरून काढशील, म्हणाला." तिनं शाल खाली ठेवली. "काढलंच असतंस तू."

"आणि तरी तू लोकांना ठोकळा दाखवत होतीस? माझं नाव सांगून?"

"ठोकळा तर खरा आहे ना गं," आई म्हणाली. "तुझाच आहे तो."

धाकट्याला मी पाळण्यापासून ओळखते, त्याच्यावरचा राग कसा गिळायचा ते मला येतं. आईचं हे मात्र गिळता येईना. मी येणार म्हटलं की ही बाई उठायची, खोली तापवायची, हीटर लपवायची आणि माझं कौतुक करत बसायची. मी गेल्यावर त्याच गार भिंतींत गुडघे दाबत राहायची. त्याला सांभाळायला ती थंडीत बसली, आणि मला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नाही. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"या भिंती मी पाडणार आहे," मी म्हणाले. "तोवर तू माझ्याकडे राहायचंस."

फळीवरचा ठोकळा उचलून मी पिशवीत टाकला.

"तो असू दे की," आई म्हणाली. "लोक विचारतील."

"मग सांग त्यांना."

"काय सांगू?" तिनं विचारलं. विचारताना ती माझ्याकडे बघत नव्हती, धाकट्याकडे बघत होती.