धुतलेले वाडगे

शनिवारी दुपारी लुडविग्सहाफेनला घरी पोहोचले, तर केलरमधला, म्हणजे तळघरातला, ॲक्रिलिक रंगाचा वास जिन्यापर्यंत आला होता. खाली अरुंधतीकाकू आईच्या स्टुलावर बसून आईच्या वाडग्यावर मोर काढत होत्या. शेजारी वर्तमानपत्रावर आणखी मोर वाळत होते. काही वाडग्यांवर वारली माणसं फेर धरून नाचत होती.

“ये गं मैत्रेयी,” त्या म्हणाल्या. “बघ, कसे जिवंत झालेत. नुसते पिठात बुडवल्यासारखे दिसत होते. मीनलला पूर्ण करायला वेळच मिळाला नाही बिचारीला.”

वाडगे पूर्ण होते. हॉस्पिटलात जाण्याआधी आईने ते एकदा भाजून, ग्लेझमध्ये, म्हणजे काचेच्या लेपात, बुडवून भट्टीशेजारच्या फळीवर ठेवले होते. भाजण्याआधी ग्लेझ असंच मळकट, पिठूळ दिसतं. रंग आगीत उघडतो. त्या पिठात तांबं होतं आणि द्राक्षमळ्यातल्या छाटणीची राख होती. ऱ्हाईनच्या जुन्या फाट्यावर, जिथे पाणी शेवाळून साचून राहतं, तिथे आई खंड्या पक्ष्याची वाट पाहत तासन्‌तास बसायची. शेवाळाचा हिरवा, लव्हाळ्याचा पिवळा तिला सहज जमत. खंड्याच्या पाठीचा निळा मात्र वर्षानुवर्षं हुलकावणी देत होता. हॉस्पिटलातून तिने मला फोनवर सांगितलं होतं, की चाचणीच्या तुकड्यावर तो शेवटी उतरला. मी फ्रँकफर्टहून आले होते ती ही भट्टी लावायलाच.

काकूंनी ते पीठ नळाखाली घासणीने धुऊन काढलं होतं. बादलीत उरलेलं ग्लेझ ‘खराब झालेलं’ म्हणून मोरीत ओतलं होतं. आई राख मुठीने आणि अंदाजाने घालायची. आता ते पुन्हा कुणालाच करता येणार नव्हतं.

मोराच्या डोळ्याला काकूंनी पांढरा ठिपका दिला, ब्रशचं टोक ओठांत धरून सारखं केलं आणि मान तिरकी करून पाहिलं.

“भाऊजींना विचारूनच केलं हो,” त्या म्हणाल्या. “ते इथेच तर उभे होते.”

बाबांची सगळी नोकरी रंगद्रव्यांच्या प्रयोगशाळेत गेली. आईचं तांबं तेच वजन करून द्यायचे. भट्टीआधीचं पीठ म्हणजे काय, हे या घरात आईखालोखाल त्यांना कळत होतं.

ते वर हॉलमध्ये आईच्या रविवारच्या शोकसभेसाठी खुर्च्या मांडत होते. मी विचारलं, तेव्हा त्यांनी एक खुर्ची उगाचच सरळ केली.

“वहिनी एश्बॉर्नहून मदतीला आल्या,” ते म्हणाले. “त्यांना काय म्हणणार होतो? किती वाईट वाटलं असतं त्यांना.” मग ओशाळं हसून म्हणाले, “आणि उद्या येणाऱ्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवंच होतं ना.”

त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. नळ सुटलेला, पाण्यातून खंड्या वाहून जातोय आणि हा शर्ट शेजारी अदबीने उभा आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. काकूंना निदान माहीत नव्हतं. बाबांच्या त्या हसण्याची मला शिसारी आली.

मी केलरमध्ये जाऊन सगळे वाडगे भट्टीत भरले. काकू म्हणाल्या, अगं, पंख्याखालीही वाळतील. मी बटण दाबलं. थोड्याच वेळात जळक्या प्लास्टिकची घाण घरभर पसरली. बाबा खिडक्या उघडत फिरत राहिले.

सकाळी भट्टी उघडली. मोरांच्या जागी मळकट भुकटी होती. ओल्या फडक्याने ती निघाली आणि खाली नुसती कोरडी, पांढरी माती उरली. मी ते वाडगे तसेच हॉलमधल्या टेबलावर मांडले. काकूंचा चेहरा उतरला. कोणी विचारलं तर काय झालं ते तुम्ही सांगायचं, असं मी बाबांना बजावलं. त्यांनी मान डोलावली.

दुपारी इथल्या मराठी मंडळाचे हृषिकेश आले. त्यांच्या घरी आईची हिरवी ताटं आहेत. त्यांनी एक वाडगा उचलून उलटासुलटा पाहिला.

“मीनलताईंचे? आणि असे पांढरे?”

बाबांनी काकूंकडे पाहिलं. मग तेच हसू.

“पूर्ण करायला तिला वेळच मिळाला नाही,” ते म्हणाले.

हृषिकेशांनी हळहळून वाडगा जपून खाली ठेवला.

“मिळाला होता,” मी म्हणाले. “तिने पूर्ण केले होते. आमच्या घरात ते धुऊन टाकले, आणि बाबा शेजारी उभे होते.”