तात्यांचा दहावा

आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी गोदेकाठी पिंडाला कावळा शिवतो, प्रवचन होतं आणि मग माईक फिरतो. ज्याला त्याला श्रद्धांजली वाहायची असते. शेखर बोलायला शिकला तो तिथंच.

शेखर आमचा बांधशेजारी, दोघांच्याही शेतात झेंडू. शाळेत वक्तृत्वाची ढाल मी आणायचो. हा प्रार्थना सांगायला उठला तरी दुसऱ्याच ओळीला अडायचा. तीन वर्षांपूर्वी फूलवाल्यांच्या सभेत आभार मानायला उठला आणि नुसतं 'आभार' म्हणून खाली बसला. मी ते महिनाभर नक्कल करून सांगितलं.

तेव्हापासून ओळख असो-नसो, हा प्रत्येक दहाव्याला हजर. तिथं कुणी हसत नाही. बोलता बोलता अडला तरी लोकांना वाटतं, गहिवरला. आधी दोन वाक्यं, मग पाच. आता त्याला नांदगावहून बोलावणी येतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मेलेल्यांच्या जिवावर मोठा झाला, असं मी घरात जेवताना म्हणायचो. तात्या, म्हणजे माझे वडील, खाली मान घालून जेवत राहायचे.

श्रावणात तात्या गेले. मी ठरवलं, बाप माझा आहे, शेखरला माईक मिळणार नाही. चार पानं लिहिली. मोठ्यानं एकदाही म्हणून पाहिली नाहीत. ढालवाल्या कुंदनला सराव कशाला?

दहाव्याला समोर पाचशे माणसं होती आणि पुढंच आई. 'माझे वडील' एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य तोंडातून निघेना. मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम गळायला लागला. शेखर उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याच हातातल्या माईकमध्ये बोलायला लागला. तात्या झेंडूचं पहिलं फूल बांधावरच ठेवायचे. गावची पोरगी सासरी निघाली की तिच्या गाडीला स्वतः माळ बांधायचे. त्यांना लहानपणी तमाशात सोंगाड्या व्हायचं होतं. यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं. आई रडली, सगळे रडले. मला एकट्याला राग आला.

जेवणं उरकल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं कुठून आणलं.

"तात्यांनीच सांगितलं," तो म्हणाला. "सुरुवातीपासून माझी भाषणं तेच ऐकायचे ना. रोज सकाळी, झेंडूत बसून. मग म्हणले, माझ्या दहाव्याचं बी एक बसव. लय वेळा म्हणून घेतलं, चुका काढल्या."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी इचारलं होतं. म्हणले, कुंदन हसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झेंडूत जाऊन उभा राहिलो. इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, 'माझे वडील.' पुढचं वाक्यही आलं, त्याच्या पुढचंही आलं. पण ऐकायला कुणी नव्हतं. शेखरला निदान माझा बाप होता.