अस्सल नळी

या मायबाप, जवळ सरका, एका घाबरलेल्या नवऱ्याची गोष्ट सांगतो.

एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आपल्या जुन्या गाडीत नवा भाग खपत नसे. सोवळंच म्हणा ना! भंगारवाल्याकडे त्याला त्याच गाडीच्या ब्रेकच्या दोन अस्सल रबरी नळ्या मिळाल्या. कित्येक वर्षं खोक्यात बंद, कुणाचा हातही न लागलेल्या. एक त्याने हौसेने बसवली.

बायको गाडी घेऊन उताराला लागली, तोच त्याने उरलेली नळी कौतुकाने वाकवून पाहिली. ती वाळक्या शेंगेसारखी तडकली! पडून पडून रबर आतून मेलं होतं. आणि तिचीच जोडीदार गाडीत बसवलेली! "देवा, तिला सांभाळ!" म्हणत तो अनवाणीच धावत सुटला.

खाली गाडी भरधाव चालली होती आणि पुढे माणसांनी भरलेला चौक.

"अगं, हातब्रेक ओढ! कडेच्या भिंतीला घास!"

गाडी भिंतीला खरडत, किंचाळत थांबली.

"ओरडता कशाला? ब्रेक गेलेत, माझे कान नाहीत गेले!" ती म्हणाली, पण ओठ पांढरेफटक पडले होते.

तिने त्याला कधीच माफ केलं. त्याने स्वतःला मात्र अजून माफ केलेलं नाही. देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण ठेवा.