जड हात

सरांच्या बैठकीच्या खोलीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खालचा शिंपी, समोरची शेजारीण, वरच्या मजल्यावरचे दोघे-तिघे, सगळे कोपऱ्यातल्या संगणकाकडे डोळे लावून उभे होते. संगणकापुढे पांढरा कोट घातलेला एक माणूस होता. तो स्वतःला 'संगणकवैद्य' म्हणवून घेई. त्याच्या चिमटीत बोटभर लांबीची तांब्याची पट्टी होती.

"यंत्रालाही नाडी असते, सर," तो खर्जात म्हणाला. "वापरणाऱ्यांच्या लहरी तारांत तुंबतात. मग ते मुंगीच्या पावलांनी चालतं. आता सगळ्यांनी पंधरा मिनिटं बाहेर व्हा. पट्टी लहरी शोषत असताना इथे माणसाची सावलीसुद्धा चालत नाही!"

दार लागलं, पंधरा मिनिटांनी उघडलं. एक पत्र उघडायचं तर ज्याच्यापुढे चहाचा कप संपायचा, तोच संगणक आता डोळ्याची पापणी लवायच्या आत पत्र उघडू लागला. सगळ्यांनी आ वासला. बंद दाराआड काय झालं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते सरांनी. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

उलट तेच जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "अहो, मी स्वतः पाहिलं!" सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आठवड्याभरात अर्ध्या इमारतीतल्या संगणकांवर तांब्याच्या पट्ट्या चिकटल्या.

दहाव्या दिवशी संगणक पुन्हा रखडायला लागला. वैद्य आला. त्याने पट्टी हुंगली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे आणखी कोण बसतं?"

"संध्याकाळी सूनबाई बसते. घरबसल्या एक अभ्यासक्रम करतेय."

"तरीच! हात जड आहे त्यांचा. मशीनला लागू देऊ नका."

मग त्याने पुन्हा पंधरा मिनिटं दार लावून संगणक पळता केला. शेजारणीने सगळं ऐकलं होतं. दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या इमारतीत झाली. सुनेने सहज शेजारणीचा मोबाइल बघायला मागितला, तर शेजारणीने तो पदराआड केला.

त्या रात्री जेवताना सर म्हणाले, "थोडे दिवस तू बसू नकोस."

"बाबा, प्रकल्प द्यायला बाराच दिवस राहिलेत."

"मग हाताने लिही."

"हाताने लिहिलेला घेत नाहीत. आणि बाबा, मला वाटतं ते मशीन कधी नीट बंदच—"

"आता तू मला विज्ञान शिकवणार?"

ती ताटातलं तसंच ठेवून उठली.

बारा दिवस गेले. या बारा दिवसांत तिने संगणकाला बोटही लावलं नाही, तरी तो पुन्हा ढिम्म झाला. वैद्याने या खेपेला पट्टी काढली आणि 'शुद्ध करायला' सोबत नेली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. तासाभराने आली. सरांनी संगणक सुरू केला, तर तो वाऱ्यासारखा धावू लागला.

सर खुर्चीतच थिजले. पट्टी तर वैद्याच्या पिशवीत होती.

सून दारात उभी होती. तिने शांतपणे विचारलं, "बाबा, तुम्ही हे रोज बंद कसं करता?"

"कसं म्हणजे? असं." त्यांनी पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

"आता खालच्या डब्याला हात लावून बघा."

डबा कोमट होता. आतला पंखा घरघरत होता.

"हा फक्त पडदा मिटला. मशीन रात्रंदिवस जागंच राहतं. तुम्ही उघडलेलं सगळं त्याच्या डोक्यावर तसंच साचतं. वीज गेली, ओझं उतरलं. वैद्य दाराआड एवढंच करतो. बंद करतो आणि पुन्हा चालू करतो." ती थोडी थांबली. "नीट बंद कसं करायचं ते दाखवते. हात लावू का?"

त्या तीन शब्दांनी सरांची मान खाली गेली. ती पुन्हा लवकर वर आलीच नाही.

"तुझा प्रकल्प?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"तारीख गेली, बाबा. आता पुढच्या वर्षी."

दोन आठवड्यांनी एका रविवारी वैद्य पट्टी घेऊन आला, तेव्हा सरांनी मुद्दाम सगळ्यांना बोलावलं होतं. तोवर संगणकही त्यांनी मुद्दामच नीट बंद न करता रखडू दिला होता.

"करा उपचार," सर म्हणाले. "फक्त दार उघडं ठेवून करा."

"छे! लहरी भडकतील!"

"मग राहू द्या." वैद्याच्या हातातली पट्टी काढून घेऊन ती खोलीबाहेर जिन्यात उभ्या असलेल्या शिंप्याकडे देत सरांनी सगळ्यांसमोर संगणक नीट बंद केला आणि पुन्हा सुरू केला. तो झपाझप चालू लागला. वैद्याने कोट सावरला आणि कुणाच्या नजरेला नजर न देता जिना गाठला. लोक हसले. कुणीतरी सरांसाठी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नकोत," सर म्हणाले. "तुम्ही त्याच्यामुळे नाही, माझ्यामुळे फसलात. मी शिकलेला, म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात. पट्टी एक दिवस काढून बघायला काय लागत होतं? तेवढंही मी केलं नाही. आणि पुरावा न मागता मी घरच्या लेकीचा हात दोषी ठरवला. तिचं वर्ष गेलं. सूनबाई, या सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो. मला माफ कर."

सुनेचे डोळे भरले होते. सर लोकांकडे वळले.

"चमत्कार कुणीही सांगो, उद्या मीही सांगो, एकच विचारा: याच्यावाचून हे झालं नसतं कशावरून? आणि जो चमत्कार माणसाच्या माथी दोष मारतो, त्याला तर उंबऱ्याच्या आत घेऊच नका."