तेज वाढताना

चैत्रातल्या दुपारी वालूरच्या घरात खिडकीला ओलं पोतं लावलं, की उजेड मातकट, गार होऊन आत येतो. आणि त्या उजेडात माझी धाकटी बहीण सुनंदा हवेत बोटाने एक चढण रेखते, मग उतार, मग मध्येच थांबते. समोरच्या संगणकातल्या आलेखाशी तिचं भांडण चाललेलं असतं. दूरच्या दीर्घिकेतल्या एका कृष्णविवराभोवतीचे क्ष-किरण उपग्रह टिपतो, आणि ही इथे, वीज असेल तेव्हा, ते उलगडत बसते.

विवर स्वतः काळोख. त्यात कोसळणारं द्रव्य मात्र असं पेटतं, की एवढं तेज शास्त्रालाच अवघड वाटावं. तेज वाढलं की किरणांतला प्रखर, म्हणजे जास्त ऊर्जेचा, अंश मंदावतो, असं तिने वर्षानुवर्षं खपून मांडलं होतं. पीएच.डी.चा प्रबंध पुरा होणार, तोच नवं निरीक्षण आलं: तेज वाढलेलं, आणि प्रखर अंशही. मार्गदर्शक म्हणाले, हे पुढच्या कामात घेऊ. पण ही बया ऐकेल तर शपथ! सगळे वर्णपट पहिल्यापासून मांडायला बसली. मला राग आला, खराच आला. आईची स्मृती विरत चालली होती, आणि लेक डॉक्टर झाल्याचं तिला कळावं, एवढीच तर सुनंदाची आस होती.

“आई, अजून साल लागंल,” तिने आईला सांगितलं. “एक गोष्ट झाकली तर आत्ताच हुईल, पण ते खरं न्हाई.”

“मंग कर की नीट,” आई म्हणाली. “मी कुठं जायलेय?”

आई जातच होती, रोज थोडी. सुनंदाला ते माझ्याहून अधिक दिसत होतं, तरी तिचा हात थांबला नाही. अखेर उलगडलं: विवराभोवतालून उधळणाऱ्या द्रव्याचा पडदा त्या वेळी विरळ झाला होता आणि आतली धग उघडी पडली होती. नियम मोडला नव्हता, अपुरा होता. प्रबंध मान्य झाला.

त्या संध्याकाळी ती घरी येऊन आईच्या पायांशी बसली. आईने तिच्याकडे मायेने पाहिलं.

“तुमी कुणाच्या हो, बाई?”

सुनंदाचा चेहरा उतरला.

“तुझीच, आई,” ती म्हणाली, आणि त्या विवराची गोष्ट अगदी आरंभापासून सांगू लागली.

प्रकाश निघतो तेव्हा, तो पोचेपर्यंत ओळखणारं कुणी उरेल की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. तरी तो निघतो, आणि वाटेत थांबत नाही.