मुकी ग्रामसभा

भागुबाईचं तोंड अख्ख्या कोळीवाड्यात गाजलेलं. बोर्लीच्या बाजारात सुक्या बोंबलांवरून एखादं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, की शेजारणी आपला धंदा सोडून ऐकत बसायच्या. अशी बाई ग्रामसभेत मात्र मूग गिळून बसायची, कारण गावाची रीतच तशी होती.

भांडायचं ते गावदेवीच्या देवळात. तिथे गावकी बसली की बायका-पुरुष एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत, पण एकमत झाल्याशिवाय कुणी उठत नसे. एकदा ठरलं की ग्रामसभेत गावकीचा म्होरक्या काळूराम पाटील एकटाच बोलणार आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. बाहेरच्यांसमोर तोंड उघडणं म्हणजे गावात फूट आहे असं दाखवणं.

या खेपेला प्रश्न खळ्याचा होता. समुद्राकाठच्या ज्या जागेत बायका बोंबील आणि जवळा सुकवत, ती सरकारने पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला मागितली होती. नवरा आणि मुलगा दोघेही वारल्यापासून भागुबाई आणि तिची सून हेमांगी त्या खळ्यावरच जगत होत्या. देवळात भागुबाई अशी काही कडाडली, की मोबदल्याकडे डोळे लावून बसलेलेही वरमले. खळं द्यायचं नाही, असं ठरलं.

ग्रामसभेला त्या दिवशी पाहुणे होते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेची प्रणाली आणि तिचे सहकारी, गरिबी आणि गावचा कारभार यांचा अभ्यास करायला आलेले. कोण बोलतं, कोण बोलत नाही, ते टिपून घेत होते. काळूराम उठला, "खळा देयाचा न्हाय," म्हणाला आणि बसला.

प्रणालीने बायकांकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला काही म्हणायचंय?"

हेमांगी उठायला लागली. कॉलेजात शिकलेली पोर, तिला राहवेना. भागुबाईने पदर ओढून तिला खाली बसवलं. "गप ऱ्हा गो. पावण्यांसमोर गावाची अब्रू काढाची न्हाय."

प्रणालीने तेही पाहिलं.

संस्थेचा अहवाल मोठ्या कळकळीने लिहिलेला होता, हीच तर पंचाईत. किनाऱ्यावरच्या ग्रामसभा एका पुढाऱ्याच्या मुठीत आहेत, गरीब बायकांना बोलू दिलं जात नाही, कधीकधी घरातली वडीलधारी बाईच त्यांना गप्प बसवते; सबब त्यांच्या भल्याचे निर्णय जाणकारांच्या समितीने घ्यावेत. आपल्याला हवं तेच विद्वानांनी सांगितलं की सरकारला ते लगेच पटतं. समिती नेमली गेली, अलिबागला तिची बैठक झाली, पर्यटनातून गरिबांना रोजगार मिळेल असं ठरलं आणि खळ्यावर पेव्हर ब्लॉक बसले.

भागुबाई काळूरामाला घेऊन समितीच्या साहेबांकडे गेली. त्यांनी चहा पाजला. "तुमचा ठराव आम्ही वाचलाय, मावशी. पण तो पाटलांचा ठराव. अहवालात तसं स्पष्ट म्हटलंय," ते म्हणाले. काळूराम शेजारीच बसला होता.

पावसाळा सरल्यावर प्रणाली पुन्हा आली, थेट भागुबाईच्या घरी. समितीमुळे गरिबांचा किती फायदा झाला, ते पाहायचं होतं. आता मात्र भागुबाईने रीतभात गुंडाळून ठेवली. देवळातलं भांडण, एकमत, पाटलाचं एक वाक्य, सगळं सांगून टाकलं. "आमी मुक्या न्हवतो गो बाय! आमी आदीच बोलून आलेलो!"

प्रणालीचा चेहरा उतरला. पोरगी वाईट नव्हती. "मावशी, तो अहवाल आता मागे घेता येणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतही तसंच करायचं चाललंय," ती म्हणाली. "पण पुढच्या अहवालात मी तुमचं म्हणणं लिहीन. सूनबाईंचंही हवंय."

हेमांगी दारातच होती. खळं गेल्यावर एका होमस्टेच्या चादरी धुवायचं काम तिला मिळालं होतं, तिकडेच निघाली होती.

"बोल गो," भागुबाई म्हणाली. "तवा बोलणार व्हतीस, ता आता बोल. मी न्हाय आडवत तुला."

हेमांगीने चपला पायात सरकवल्या. "मना काय म्हनाचा न्हाय," ती प्रणालीला म्हणाली आणि चालू लागली.

भागुबाई तशीच धावत अंगणात आली. पाहुणी बघत होती, साऱ्या आळीची दारं उघडी होती, तरी ती रडत रडत सुनेला हाका मारत राहिली. हेमांगीने वळून पाहिलं नाही.