पालथा कप

“मागणं मोठं असेल तर पोट रिकामं ठेवावं, पोरी.”

आईचं हे वाक्य तिने डॉक्टरीणबाईंना अगदी हळू आवाजात सांगितलं. मूल होईपर्यंत दिवेलागणीआधी तोंडात काही घालायचं नाही, असा नेम तिने आईसमोर घेतला होता. आई गेली, नेम राहिला. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दिवसभर आजाऱ्यांचं जेवण रांधताना सुपाचं मीठसुद्धा ती जोडीदारणीकडून चाखून घ्यायची.

“तपासण्या सगळ्या ठीक आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अंगाला पुरेसं मिळेना, की ते आधी पाळी बंद करतं. सकाळपासून पोटभर खायला लागा. येईल, पण वेळ लागेल.”

म्हणजे ज्यासाठी उपास, तेच उपासाने अडलं होतं. घरी येऊन ती देवापुढे नुसती बसून राहिली. सासूबाईंनी खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

“देवाला कुणीतरी काहीतरी सोडलेलं हवंय ना? मग तू खा. मी चहा सोडते.”

“तुम्ही? चहा?”

“का? तुझ्या उपासाहून मोठंच आहे ते!” आणि लगेच हात पुढे केला. “पण मी असो-नसो, सकाळचा घास चुकवायचा नाही. कबूल?”

“कबूल, आई.”

सासूबाईंनी आपला कप धुऊन फळीवर पालथा घातला.

पहिले काही दिवस सकाळी खाल्लेलं तिच्या पोटात टिकेना. मग टिकू लागलं. गाल भरले, बांगड्या मनगटात रुतल्या. पाळी मात्र येईना. सासूबाई अधूनमधून नुसत्या भुवया उंचवायच्या. ती मान हलवायची. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात तिने चहाचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला, तर त्यांनी तोंड फिरवलं. “आधी नातवंड,” म्हणाल्या.

त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात तिला डाग दिसला. ती तशीच लगबगीने सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी गेली. गादी गुंडाळून ठेवलेली होती.

घरात कुणी काही खाल्लं नव्हतं. नवरा भिंतीला टेकून बसला होता.

“माझ्यासाठी काही करू नकोस,” तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. दूध तापवलं, पाव घेतला आणि फळीसमोर बसली. पहिला घास तोंडात घातला. घोटभर पाण्याने तिने तो उतरवला, पालथ्या कपाकडे पाहिलं आणि दुसरा घास मोडला.